घडीच्या चाकूची मूठ: लाकडाला नावं ठेवणाऱ्यांना माझं उत्तर

कलमवाली_दापोली

काल इथे एकाने विचारलं, "घडीचा चाकू घ्यायचाय, मूठ कशाची घेऊ?" त्यावर सह्यभटक यांनी दोन वाक्यांत निकाल लावला: "डोळे मिटून जी-टेन घ्या. लाकडी मूठ कपाटात ठेवायला बरी." (जी-टेन म्हणजे काचेच्या कापडाची कृत्रिम मूठ.) ते डोक्यातून जाईना, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

माझी आंबा-काजूची रोपवाटिका आहे. जून ते ऑगस्ट कोय कलमांचा हंगाम. कोय रुजून आलेलं दहा-पंधरा दिवसांचं तांबूस पानांचं रोप घ्यायचं, शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी दोन्ही बाजूंनी तासून चार-पाच सेंटिमीटरची पाचर करायची, चिरेत बसवायची आणि पट्टी आवळायची. एका कलमाला चाकू पाच-सहा वेळा चालतो. माझ्याकडची एक बाई दिवसाला ३०० कलमं बांधते. म्हणजे दीडेक हजार वेळा तीच मूठ त्याच तळव्यात दाबली जाते, हात दिवसभर ओला आणि वर आंब्याचा चीक.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याने जी-टेनचा चाकू आणला. हौसेने हंगामात काढला. तिसऱ्या दिवशी करंगळीच्या बुडाची कातडी सोलली. मुठीवर पकड यावी म्हणून बारीक चौकडीची जाळी असते ना, ती पावसाने मऊ पडलेल्या कातडीवर कानशीसारखी चालते. त्या जाळीत चीक बसला की ब्रशने घासूनही निघत नाही. माझी शिसवीची मूठ सतरा वर्षांची आहे. अंगठा बसतो तिथे उथळ खळगा पडलाय, डोळे मिटून उचलला तरी चाकू सरळ हातात येतो.

लोक मुठीच्या मजबुतीचं बोलतात. अहो, मूठ तुटलेले चाकू पाहिलेत किती? आधी खिळा सैल होतो, पातं झिजतं, खटका ढिला पडतो. मूठ निवडायची ती तीनशेव्या कलमाला हाताचं काय होतं ते पाहून.

सह्यभटक

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण तुमची मूठ संध्याकाळी घरी येऊन सुकते. आमची तीन-तीन दिवस सुकत नाही.

जुलैमध्ये राजगडावर पद्मावती माचीला मुक्काम होता. संततधार, सॅकमधली कोरडी पिशवीसुद्धा आतून ओली. तेव्हा माझ्याकडे अखंड लाकडी मुठीचा चाकू होता. दुसऱ्या रात्री तंबूची दोरी कापायला काढला तर पातं बाहेरच येईना. लाकडाने फुगून दोन्हीकडून दाबून धरलं होतं. नखाने ओढताना नख मुळापासून उलटलं, शेवटी दोरी दगडावर दगड मारून तोडली. त्या रात्रीनंतर माझ्या सॅकमध्ये लाकूड नाही. जी-टेन म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड आणि इपॉक्सी, पाणी पीत नाही. विषय संपला.

आणि जुना दाखला हवा असेल तर घ्या. स्विस सैनिकांच्या १८९० च्या चाकूची मूठ लाकडाची होती. १९०८ मध्ये तिच्या जागी फायबर आलं आणि १९६१ मध्ये ॲल्युमिनियम. हौस म्हणून बदललं नसेल.

लेथवाला_भोसरी

दोघंही मुठीच्या मालाला दोष देताय, दोष बांधणीचा आहे.

सह्यभटक, तुमचा चाकू अखंड लाकडात खाच पाडलेला होता. लाकूड फुगलं की खाच आवळते आणि पातं चिमटीत सापडतं. तेच लाकूड दोन स्टीलच्या पट्ट्यांवर बाहेरून रिव्हेट केलं असेल तर फुगून फुगून बाहेर फुगेल, पात्याची जागा स्टीलने राखलेली असते. फ्रान्समध्ये सावॉयच्या डोंगरातले लोक बीच लाकडाच्या अखंड मुठीचा चाकू अडकला की मुठीचं टोक टेबलावर ठोकतात, पातं थोडं पुढे येतं. पुढच्या वेळी दगडावर ठोका, नख वाचेल.

लाकूड-लाकडातही फरक आहे. बीच ओला ते पूर्ण सुका होईपर्यंत आडव्या अंगाने ११-१२ टक्के आकसतो, साग साधारण ५. पाऊस लागला की हा हिशेब उलटा चालतो. सगळ्या लाकडाला एका काठीने हाकू नका.

आता माझं खरं दुखणं. मायकार्टा, मायकार्टा करत लोक बाहेरून चाकू मागवतात आणि मुठीच्या नावाने दोन-तीन हजार जास्त मोजतात. अरे, फिनॉल रेझिनमध्ये दाबलेलं कापड ते! आपल्याकडे एमआयडीसीत त्याला हायलम म्हणतात आणि भंगारात किलोवर मिळतं. आम्ही त्याचे गिअर कापतो, बुश कापतो. रोलिंग मिलमध्ये याच जातीच्या मालाच्या बेअरिंगा पाण्याच्या वंगणावर चालतात, ओल्याचं भय कुणाला सांगताय? फक्त कापडी घ्या. कागदी हायलमच्या कडा उडतात.

जुना_खटका

आमच्या आजोबांचा चाकू सांबरशिंगाच्या मुठीचा. ऐंशी वर्षं झाली. ओल्या हातातून सुटत नाही, फुगत नाही, हाताला बोचत नाही. तुमचं इपॉक्सी त्याच्यापुढे काय?

सह्यभटक

काका, सांबराच्या शिंगाचा व्यापार आपल्याकडे बंद आहे. नवीन माणसाने ते घ्यावं कुठून? ज्याने प्रश्न विचारला त्याला याचा उपयोग शून्य.

जुना_खटका

मी विकत घ्या म्हटलं का? काय चांगलं ते सांगितलं. घरातल्या वस्तूबद्दल बोलायचीही चोरी झाली आहे.

कलमवाली_दापोली

लेथवाला, तुमचं पटतंय. माझी शिसवी स्टीलवर रिव्हेट केलेलीच आहे, म्हणून कधी अडकली नसावी. शिवाय मी दर हंगामाआधी खोबरेल चोळून ठेवते, लाकूड पाणी धरत नाही.

सुतारकी_नाशिक

खोबरेल? ताई, हात जोडतो, लाकडाला खोबरेल लावू नका!

खोबरेल कधीच सुकत नाही. लाकडात तसंच ओलं राहतं, धूळ धरतं, थंडीत थिजतं आणि पावसाळ्यात खवट वास मारतं. पाणी अडवायचं तर हवेत सुकून पापुद्रा धरणारं तेल हवं. जवस. एक हात लावा, पंधरा मिनिटांनी जादाचं पुसून काढा, सुकू द्या, मग दुसरा हात. तीन-चार हात झाले की पाण्याचा थेंब वर उभा राहतो. गेली वीस वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगतोय आणि प्रत्येक घरात देव्हाऱ्याला खोबरेल चोपडलेलं सापडतं. बोटाने ओढलं की काळी मळी निघते.

कलमवाली_दापोली

सतरा वर्षं खोबरेल लावतेय. ना मळी, ना वास. मूठ रोज हातात असते, देव्हाऱ्यासारखी कोपऱ्यात नसते. वापराच्या वस्तूला घामानेच ओप येतो.

सुतारकी_नाशिक

म्हणजे घामामुळे टिकली, खोबरेलामुळे नाही. हे तुम्हीच कबूल केलंत.

जुना_खटका

आमच्या सोलापूरकडे करडईचं तेल लावायचे. कुऱ्हाडीचा दांडा, औताची रुमणी, सगळ्याला करडई.

सुतारकी_नाशिक

काका, करडई चालेल. तीही सुकते, जवसापेक्षा हळू. जुन्या लोकांना कळत होतं.

लेथवाला_भोसरी

तेलाचा विषय निघालाच आहे तर जवसाची दुसरी बाजूही सांगा ना. दुकानात "उकळलेलं" म्हणून मिळतं त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. ज्या चाकूने फळं चिरायची त्याला ते नको.

आणि चिंध्या! माझ्या शेजारच्या गाळ्यात पॉलिशवाला जवसाच्या चिंध्या बोळा करून खोक्यात टाकून घरी गेला. जवस सुकताना तापतं, बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही. रात्री दोन वाजता वॉचमनचा फोन आला. शटर उघडलं तेव्हा खोकं जळून गेलं होतं आणि भिंतीला लावलेल्या दरवाजाच्या चौकटी पेटत होत्या. ठिणगी नाही, वायर नाही, नुसत्या चिंध्या. वीस वर्षं गिऱ्हाइकांना जवस सांगता, तर हेही सांगता का?

सुतारकी_नाशिक

सांगतो! चिंधी दोरीवर पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची. एका निष्काळजी माणसापायी तेलाला बदनाम करू नका. तुमच्या हायलमची भुकटी नाकात जाते ती काय अत्तर आहे?

लेथवाला_भोसरी

मी मास्क लावतो आणि दुसऱ्यालाही लावा म्हणतो. आवाज चढवायचं कारण नाही.

कॅलगरीकर

मूळ प्रश्न बाजूला राहिला. इथे कॅनडात उणे २५ मध्ये मी ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम दोन्ही मुठी वापरल्यात म्हणून सांगतो, ॲल्युमिनियमची मूठ उघड्या हाताने धरवत नाही, बोटातली ऊब ओढून घेते. टायटॅनियम उष्णता फार कमी वाहून नेतं, म्हणून ते धरवतं, पण गुळगुळीत असल्याने हातमोज्यातून निसटतं. थंडीत मला जी-टेनच बरं. जाळी बोचत असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासा. कोरडं घासू नका, काचेची धूळ छातीत जाते.

सह्यभटक

हे मीही करतो, काल लिहायला हवं होतं. नव्या जी-टेनची जाळी फार कडक असते, खिशाची शिवणसुद्धा झिजवते. दिवसभर पकडून काम करायचं तर घासल्याशिवाय देऊ नये, इतकं ताईंचं मान्य. पण फुगणाऱ्या लाकडावर माझं मत बदललेलं नाही.

कलमवाली_दापोली

"इतकं मान्य" म्हणताना दोन वर्षांपूर्वीची माझी सोललेली करंगळी आठवा. चौकडीची जाळी विकणाऱ्यांनी कधी ओल्या हाताने दिवसभर ती धरून पाहिली असेल, असं मला वाटत नाही.

लेथवाला_भोसरी

ताई, व्यक्तिगत निरोपात पत्ता टाका. ५ मिमी कापडी हायलमचे दोन तुकडे पाठवतो. हंगाम चालू आहे, वापरून पाहा आणि मग मला शिव्या द्या.

कलमवाली_दापोली (बारा दिवसांनी)

तुकडे मिळाले. मोटारसायकलवाल्याच्या ग्राइंडरवर आकार दिला, अंगणभर फिनेलसारखा वास सुटला होता. पुतण्याच्या चाकूची जाळीवाली मूठ काढून त्या जागी बसवली, कडा गोल केल्या, पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत सोडला.

आठ दिवस त्यावर कलमं बांधली, मी आणि ती ३०० वाली बाई, आलटून पालटून. कातडी शाबूत आहे. ओल्या हातात कापडाचे धागे बोटाला धरतात, शिसवीपेक्षा घट्ट. चीक राखेने घासला की निघतो. पावसाळ्याच्या कामाला हायलम शिसवीला मागे टाकते. हे लिहायला जिवावर आलं, पण खरं आहे. बाईने तर तो चाकू परत द्यायलाच नकार दिलाय. माझी शिसवी आता पाऊस सरल्यावर निघेल.

सुतारकी_नाशिक

शिसवीला जवस लावलंत का?

कलमवाली_दापोली

लावलं, दोन हात. दहा दिवस झाले, अजून बोटाला चिकटतंय. कोकणातल्या जुलैत ते सुकत नाही, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत.

सुतारकी_नाशिक

नव्हतं सांगितलं, चूक झाली. आता कापडाने कोरडी पुसून काढा, चुलीवरच्या फळीवर ठेवा आणि तिसरा हात दिवाळीनंतर द्या. पुसलेलं कापड मात्र पसरून वाळवा.