मदत हवी आहे: भाच्याच्या अंगावरचे न भरणारे चट्टे आणि लशीतला रुबेला विषाणू

नमस्कार,

अमळनेर तालुक्यातून लिहितोय. माझा भाचा सात वर्षांचा आहे. त्याला अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया (एटी) असल्याचं मुंबईत जनुकीय तपासणीत कळलं. चालताना तोल जातो, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरा दिसतात, प्रतिकारशक्ती मुळातच कमी. दर महिन्याला इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) चढवतात. धागा काढलाय तो त्याच्या चट्ट्यांसाठी.

गोवर-रुबेलाच्या (एमआर) लशीचा दुसरा डोस झाल्यावर काही महिन्यांनी उजव्या दंडावर तांबूस गाठ आली. तिचा चट्टा झाला, मग कोपराखाली आणि पोटरीवर नवे उठले. कडा जाड, तपकिरी. मध्ये खोलगट, तिथून पाणी झिरपतं. या उन्हाळ्यात सदऱ्याची बाही चिकटून बसते. बहीण आधी कोमट पाण्याचं फडकं ठेवते आणि मगच बाही सोडवते, नाहीतर खपलीसकट निघते. आजी रोज विचारते, "पोरले काय व्हयनं?"

बायोप्सीत 'ग्रॅन्युलोमा' (दाहामुळे जमलेल्या पेशींची गाठ) आला. आपल्याकडे ग्रॅन्युलोमा म्हटलं की टीबी नाहीतर कुष्ठरोग. जंतू दिसले नाहीत, सीबीनॅट (टीबीची जनुकीय चाचणी) निगेटिव्ह, तरी एकेटी (टीबीची औषधं) सुरू झाली. कोर्स पुरा होऊनही काही फरक नाही. मग इम्युनॉलॉजीच्या डॉक्टरांनी वेगळीच शक्यता सांगितली: रुबेला लशीतला दुबळा केलेला जिवंत विषाणू (आरए 27/3) टी-पेशी (विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमजोर असलेल्या मुलांच्या त्वचेत वर्षानुवर्षं टिकून राहू शकतो. 2014 पासून असे रुग्ण नोंदले गेलेत, त्यांत एटीची मुलं बरीच आहेत. गाठीतल्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींत विषाणू सापडतो. सुरुवात बऱ्याचदा लस टोचलेल्या हातापासून होते. बीसीजी डाव्या दंडात आणि एमआर उजव्या दंडात देतात, हे आमच्या आशाताईंनीच लक्षात आणून दिलं.

एक विनंती. 'म्हणूनच लस देऊ नये' असं कृपया कुणी लिहू नका. गावात ही कुजबुज सुरू झालीय आणि मला तिची खरंच भीती वाटते. गरोदरपणी रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष होऊ शकतात, लस त्यासाठी आहे. आजूबाजूच्या सगळ्या मुलांनी लस घेतली तरच आमच्या पोराला गोवरापासून आडोसा मिळेल.

आता अडचणी. बायोप्सीच्या तुकड्यावर रुबेलाची तपासणी कुठे होते, कशी पाठवायची? त्याची धाकटी बहीण आठ महिन्यांची आहे, पुढच्या महिन्यात तिची एमआर आहे, द्यायची का? आणि घरात त्याची काकू गरोदर आहे, तिला धोका आहे का? शिवाय इथल्या एका डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन लिहून दिलाय.

— खानदेशी मामा

प्रतिसाद: तापीकाठ

मी बालरोगतज्ज्ञ आहे, धुळ्यात असतो. आधी सीटीचं. एटीच्या मुलांच्या पेशींना क्ष-किरणांनी झालेली इजा नीट दुरुस्त करता येत नाही. अगदी अडल्याशिवाय सीटी नको, सोनोग्राफी किंवा एमआरआयने भागतं का ते विचारा. एटी असल्याचं फाइलवर लाल अक्षरात लिहून ठेवा.

जिथे बायोप्सी झाली तिथून पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) मागून घ्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. त्यावर पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) आणि विषाणूच्या प्रथिनाचं स्टेनिंग (ते रंगवून दाखवणं) करता येतं. पुण्याच्या एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणू संस्था) आणि मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या एनआयआयएचकडे (रक्त व प्रतिकारशक्तीच्या आजारांची राष्ट्रीय संस्था) तुमच्या इम्युनॉलॉजिस्टनीच पत्राने विचारावं. रक्तातली रुबेला आयजीजी (रुबेलाविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आली तर तिच्यावरून काही ठरवू नका. लस घेतलेल्या मुलात ती असते, आणि इम्युनोग्लोब्युलिनमधूनही येते.

धाकटीला एटी असण्याची शक्यता चारात एक. एएफपी (एटीत वाढणारं रक्तातलं प्रथिन) लहान बाळात एरवीही जास्त असतं, त्यामुळे त्यावर विसंबू नका. भावातला जनुकीय दोष माहीत आहे, तोच तिच्यात तपासा, मग एमआरचं ठरवा, आणि हे ताबडतोब, कारण एमआर लांबवली तर गोवराचा धोका राहतो. घरात कुणालाही पोलिओचे थेंब देण्याआधी डॉक्टरांना विचारा. अशा घरात थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन देतात.

काकूंची रुबेला आयजीजी करून घ्या. पॉझिटिव्ह असेल तर फार काळजी नको. निगेटिव्ह असेल तर चट्ट्यांच्या ड्रेसिंगला हात लावू नये, स्त्रीरोगतज्ज्ञांना सगळं सांगावं. अशा चट्ट्यांतून जिवंत विषाणू वाढवता आलेला आहे, म्हणून सांगतोय. लस बाळंतपणानंतर.

उपचाराबद्दल खोटी आशा देत नाही. नायटाझोक्सानाइड हे औषध काहींना देऊन पाहिलंय, फायदा फारसा नाही. काही मुलांचे चट्टे अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर गेले, पण एटीत प्रत्यारोपणाआधीची औषधंच झेपत नाहीत. निदान पक्कं झालं तर किमान एकेटी पुन्हा सुरू होणार नाही.

प्रतिसाद: खानदेशी मामा

डॉक्टर, मनापासून आभार. सीटी रद्द करतोय. ब्लॉकसाठी उद्याच अर्ज देतो, काकूंचं रक्त याच आठवड्यात. एटी असलेल्या मुलाचा ब्लॉक कुणी याआधी पाठवला असेल तर कोणती कागदपत्रं लागली ते इथे लिहा, किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.