वर्ल्ड्सचं प्रेडिक्शन लावताना फॉर्म बघायचा की अनुभव? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी आणि माझा मावसभाऊ दरवर्षी लीग ऑफ लीजंड्स या व्हिडिओ गेमच्या वर्ल्ड्सचं (म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपचं) प्रेडिक्शन वहीत लिहून ठेवतो आणि दरवेळी माझा गोंधळ एकाच जागी होतो, कोरियाच्या दोन टीम्सपैकी कोण, जेन.जी की टी१?

2024 ला मी डोळे झाकून जेन.जी लिहिलं होतं, कारण त्याच वर्षी त्यांनी एमएसआय (वर्षाच्या मधली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा) जिंकलेली आणि टी१ कोरियातून चौथ्या सीडवर (म्हणजे चौथ्या क्रमांकाची टीम म्हणून) कशीबशी आलेली. आणि झालं काय, सेमीफायनलला टी१ने त्यांना 3-1 ने घरी पाठवलं. मग लंडनची फायनल, समोरची चिनी टीम बीएलजी 2-1 ने पुढे, चौथ्या गेमला टी१च्या फेकरचा सायलस आणि पाचव्याला गॅलिओ (दोन्ही गेममधली पात्रं), आणि टी१ जिंकली, रात्री घरात सगळे झोपलेले म्हणून तोंडावर उशी दाबून ओरडलोय मी!

आता 2025 पासून फिअरलेस ड्राफ्ट (पात्रं निवडायचा नवा नियम) आलाय, म्हणजे एकदा खेळलेला चॅम्पियन (गेममधलं पात्र) त्या सिरीजमध्ये परत कोणालाच मिळत नाही, पाचव्या गेमपर्यंत चाळीस चॅम्पियन बाद. माझ्या मते याचा फायदा फेकरसारख्या जुन्या खेळाडूंना जास्त होतो, त्यांच्या हातात कितीतरी चॅम्पियन बसलेत. भाऊ म्हणतो तसं काही नाही, लीगमधला फॉर्मच बघ.

तर जे एलसीके (कोरियाची लीग) नियमित बघतात त्यांनी प्लीज सांगा, बेस्ट ऑफ फाइव्हचा अंदाज लावताना तुम्ही आधी काय बघता? आणि वर्ल्ड्सच्या स्विस स्टेजमधल्या (नॉकआउटच्या आधीचा टप्पा) बेस्ट ऑफ वनच्या, म्हणजे एकाच गेमच्या, निकालांना किती किंमत द्यायची?