सहा महिने उत्तर नाही, म्हणजे नकार समजावा काय?

बालाघाटवासी (बीड): काल येथे एका प्रकाशकांनी लिहिले की, हस्तलिखित पाठवून सहा महिने झाले आणि उत्तर आले नाही, तर लेखकाने तो नकार समजावा व फोन करून त्रास देऊ नये. हे वाचून गप्प बसणे जमले नाही. हेच प्रकाशक बाड स्वीकारताना ‘आमचा निर्णय होईपर्यंत दुसरीकडे देऊ नका’ अशी अट घालतात. स्वतः मौन पाळायचे आणि लेखकाकडून एकनिष्ठेची अपेक्षा करायची, हा कुठला न्याय? ‘छापता येणार नाही’ एवढे एक वाक्य कळवायला कितीसा वेळ लागतो?

खिळेजुळारी (संभाजीनगर): वेळ कळवायला लागत नाही, वाचायला लागतो. मी एका लहान प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधन करतो. आमच्याकडे स्वतंत्र संपादक नाही. मालकच बाड वाचतात, तेच कागद आणतात आणि ग्रंथालयांकडील थकलेल्या बिलांसाठी तेच हिंडतात. त्यातच कोणी जुन्या श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये, टंकलेली फाइल पाठवतो. ती युनिकोडमध्ये आणली की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात आणि पहिल्याच पानावर वाचणाऱ्याचा उत्साह संपतो. शिवाय एकदा नकार कळवला की ‘का नाकारले?’ म्हणून तासभर वाद घालणारे लेखक आम्ही पाहिले आहेत. मौन त्यातूनच आले आहे.

गोदाकाठ (नांदेड): रफाराचे निमित्त पुरे झाले. पदोन्नतीच्या फायली हलू लागल्या की प्राध्यापकांची पुस्तके महिनाभरात कशी निघतात, ते आधी सांगा. 2010च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमावलीने आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, असलेल्या पुस्तकांना पदोन्नतीसाठी गुण दिले आणि तेव्हापासून प्रबंधाला मुखपृष्ठ चढवून पैसे मोजण्याची रीतच पडली. पैसे देणाऱ्याचे बाड वर, आमचे खाली. आयएसबीएन आपल्या देशात विनामूल्य मिळतो, तरी त्याचेही शुल्क उकळणारे महाभाग मला भेटले आहेत.

तासिकातत्त्व (परभणी): सरसकट सर्व प्राध्यापकांना झोडपणे सोपे आहे. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. मला ना पदोन्नती, ना पैसे देऊन पुस्तक काढण्याची ऐपत. माझा कथासंग्रह एका प्रकाशकाकडे दोन पावसाळे पडून होता. शेवटी मी स्वतः गेलो, तेव्हा टेबलाखालच्या गठ्ठ्यातून तो निघाला; माझ्याच हाताने बांधलेल्या सुतळीची गाठदेखील सुटलेली नव्हती. आपण मात्र मलाच लाभार्थी ठरवून मोकळे झालात.

गोदाकाठ: आपण अपवाद असाल, तर आपल्याला वगळतो. नियम मात्र तोच राहतो.

तासिकातत्त्व: वगळण्याची ही कृपा आपल्याजवळच ठेवा.

वाचनालयवाला (उदगीर): भांडण प्राध्यापकांचे नसून खपाचे आहे. तीनशे प्रतींची आवृत्ती संपता संपत नाही, आणि तालुक्याची वाचनालये अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेली असतात. अशा स्थितीत नवा लेखक छापण्यास कोण धजावेल? ज्यांचे एकही पुस्तक निघालेले नाही त्यांच्यासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिकडे अर्ज करावा.

बालाघाटवासी: योजना मला ठाऊक आहे, पण तेथेही निकालाची वाट पाहावीच लागते. खप नाही, माणसे नाहीत, हे सारे मान्य केले तरी त्यामुळे न छापण्याचे कारण मिळते, न कळवण्याचे मिळत नाही. श्री. खिळेजुळारी, सुतळी न सोडताच सहा महिन्यांनी ‘नकार समजावा’ म्हणणे आपल्याला पटते काय?

खिळेजुळारी: सुतळीचे पटत नाही. बाड पोहोचल्याची पोच आणि निर्णयाची मुदत लेखी द्यावी, इतपत मी मालकांना सुचवीन. ते ऐकतील याची हमी देत नाही. मुदत उलटली की लेखकाने खुशाल दुसरीकडे द्यावे.

गोदाकाठ: म्हणजे पोच मिळण्याचीही आता वाट पाहायची. आनंद आहे.