घरात रेंज शून्य, सड्यावर फुल्ल. बूस्टर घ्यावा का? (ता. संगमेश्वर)

खळेकर_डोंबिवली

नमस्कार मंडळी. प्रश्न जुनाच आहे, पण शोधून शोधून दमलो म्हणून विचारतो.

गाव देवरुख–साखरपा रस्त्यावरून आत, वाडी खाली व्हाळाच्या कडेला. वर सड्यावर गेलं की व्हिडिओ कॉलसुद्धा चालतो. खाली घरात काही नाही. घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं, वर कौलं, पडवीवर पत्रा. घरात आई (६८) आणि बाबा (७४), दोघंच. त्यांची पद्धत अशी: पडवीच्या पश्चिमेकडच्या खांबाला खिळा, खिळ्याला श्रीखंडाचा रिकामा डबा, डब्यात फोन. वाजला की जो जवळ असेल त्याने धावायचं आणि फोन डब्यातच ठेवून स्पीकरवर बोलायचं. उचलून हातात घेतला की कट. त्यामुळे आमच्या घरातलं एकही गुपित वाडीत गुपित नाही.

गेल्या महिन्यात बाबांना रात्री चक्कर आली. आईने चार वेळा फोन लावला, लागला नाही. शेवटी शेजारचा पोरगा बाईक काढून सड्यावर गेला आणि तिथून रिक्षावाल्याला बोलावलं. साखर कमी झाली होती, आता बरे आहेत. पण तेव्हापासून मला इकडे नीट झोप नाही.

कंपनीकडे तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा 'आपल्या भागात नेटवर्क समाधानकारक आहे' असा मेसेज आणि तक्रार बंद.

ऑनलाइन एक बूस्टर बघून ठेवलाय. साडेसहा हजार, '६५ डीबी, सर्व सिम' (डीबी म्हणजे सिग्नल किती वाढतो-घटतो त्याचं माप). दोन अँटेना, वायर आणि एक डबा. गणपतीला जाईन तेव्हा बसवीन म्हणतो. कुणी वापरलाय का?

पोफळीची_बाग

आमच्याकडे फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवतात. काकूच्या मते रेंज वाढते. बघा करून, खर्च शून्य 😄

दुकानदार_नाशिक

मी वापरलाय, म्हणून सांगतो. दुकान बेसमेंटला, गिऱ्हाइकाचं यूपीआय होईना, म्हणून असाच एक बूस्टर लावला. पहिले दोन महिने झकास. मग वरच्या मजल्यावरचे डॉक्टर कुरकुरायला लागले की त्यांचे कॉल तुटतात. समोरच्या मेडिकलवाल्याचंही तेच. मी गप्प. एक दिवस दोन माणसं हातात अँटेना आणि मशीन घेऊन गल्लीत फिरताना दिसली आणि फिरत फिरत थेट माझ्या शटरसमोर येऊन उभी राहिली. डबा काढून ठेवावा लागला. पैसे गेले ते गेलेच, डॉक्टर अजून तिरके बघतात.

साइटवाला

खळेकर, ती ऑर्डर थांबवा. मी १९ वर्षं टॉवरच्या साइटवर काढली, त्यातली बरीचशी रत्नागिरी–सिंधुदुर्गात. तुमच्यासारख्या वाड्या ढिगाने पाहिल्यात.

आधी कायद्याचं, म्हणजे तो विषय संपेल. परवानाधारक मोबाईल कंपनी सोडून दुसऱ्या कुणीही रिपीटर किंवा बूस्टर बाळगणं, विकणं, वापरणं आपल्याकडे बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये तसं जाहीर पत्रकही काढलं होतं. ऑनलाइन दुकानात दिसतो म्हणून चालतो असं नाही.

आता कायदा बाजूला ठेवा. तुमच्या घरात तो डबा तसाही चालणार नाही, कारण ऐका. रिपीटरची एक अँटेना बाहेर टॉवरकडे तोंड करून, एक आत घराकडे, मधे ॲम्प्लिफायर. आतल्या अँटेनाचा आवाज बाहेरच्या अँटेनाला ऐकू जाता कामा नये. सत्यनारायणाच्या पूजेला माईक कर्ण्यासमोर गेला की कशी शिटी बसते? तेच. ९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल चार मीटर मोकळ्या हवेत जेमतेम ४४ डीबी पडतो. अँटेना पाठीला पाठ लावल्या तर आणखी थोडा फरक पडेल. तुमचा डबा वाढवणार ६५ डीबी. मधे काय आहे? कौलं! काँक्रीटचा जाड स्लॅब असता तर गोष्ट वेगळी. त्यामुळे डबा शिट्टी मारत बसणार, आणि ती शिट्टी टॉवरला ऐकू जाणार. ४जीवर फोन साधारण जास्तीत जास्त २०० मिलिवॅटवर बोलतो. दोन-तीन किलोमीटरवरच्या फोनची कुजबुज टॉवरला ऐकायची असते. शेजारी कुणी कर्णा लावला तर सगळ्या वाडीची कुजबुज बुडते. नाशिकच्या डॉक्टरांचं तेच झालं.

पातेल्याबद्दल: धातूचं भांडं सिग्नल अडवतं. रिंग मात्र खणखणीत ऐकू येते, काकूंना तेवढाच फायदा होत असणार.

आता काय करायचं ते. आधी मोजा. काड्या बघू नका, प्रत्येक फोन कंपनी आपल्या मर्जीने काड्या दाखवते. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस; तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये येते. आयफोनवर \*३००१#१२३४५#\* डायल करा. आकडा उणे असतो: ४जीला −९० च्या आसपास उत्तम, −१०५ ला रडतखडत, −११५ च्या पुढे देवाक काळजी. तीन डीबी कमी म्हणजे ताकद निम्मी, दहा कमी म्हणजे दहावा हिस्सा. माजघर, पडवी, खळं, आणि घराच्या आवारातली सगळ्यात उंच जागा, असे चार ठिकाणी आकडे घ्या. प्रत्येक जागी एअरप्लेन मोड लावून काढा, दोन मिनिटं थांबा, मग लिहा. जमलं तर तिन्ही-चारी कंपन्यांची सिमं घेऊन. तरंग संचार या सरकारी पोर्टलवर आजूबाजूचे टॉवर नकाशात दिसतात, दिशा कळेल.

आणि एक विचारतो: भारतनेटची (गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेची) फायबर तुमच्या ग्रामपंचायतीत आलीय का? बाबांचा फोन कुठला, बटणाचा की टचचा?

खळेकर_डोंबिवली

साइटवाले काका, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. ऑर्डर रद्द केली.

शनिवार-रविवार मुद्दाम गावी जाऊन आलो. वही घेऊन घरभर फिरत होतो, आई म्हणाली, 'भूत उतरवतोस की काय?' आकडे असे: माजघरात सिग्नलच नाही. पडवीतल्या डब्यात −११८. खळ्यात तुळशीपाशी −११२. घरामागे पाण्याची टाकी आहे, चिऱ्याच्या चौथऱ्यावर. तिच्यावर चढून −१०१. हे एका कंपनीचं, बँड ५ वर (बँड म्हणजे सिग्नलच्या लहरींचा ठरलेला पट्टा). त्याच टाकीवर तेच सिम बँड ४० वर गेलं की −११३. दुसऱ्या दोन सिमांचं टाकीवरही काही खरं नाही. सगळ्यात जवळचा टॉवर पश्चिमेला, सड्याच्या पलीकडे. मधे आमच्याच वाडीची कलमं आणि फणस.

फायबर पंचायतीपर्यंत आलीय, वाडी तिथून अडीच किलोमीटर आत. बाबांचा फोन बटणाचा. टचचा दिला होता, तो कपाटात धोतराखाली आहे.

वेल्सचा चुलतभाऊ म्हणतोय तिकडून चांगला रिपीटर आणतो. तोही नकोच ना?

कार्डिफकर

वेल्सचं नाव आलं म्हणून लिहितो. मीही इथेच, जाड दगडी भिंतींच्या घरात राहतो आणि रिपीटर वापरतो. ब्रिटनमध्ये २०१८ पासून ठरलेल्या अटींत बसणारा घरगुती रिपीटर परवान्याशिवाय चालतो. पण त्या अटीच महत्त्वाच्या: यंत्र स्वतःची ताकद स्वतः कमी करतं आणि शिट्टी बसायला लागली की बंद पडतं. अमेरिकेतही परवानगी आहे, तिथे मोबाईल कंपनीकडे नोंदणी करावी लागते.

भावाला सांगा, बॅगेत मटणाचा मसाला तिकडून इकडे आणावा, रिपीटर इकडून तिकडे नेऊ नये. कायद्याचं तर झालंच, शिवाय इथे लांब पल्ल्याला वापरतात तो ८०० चा बँड २०, भारतात तो वापरातच नाही. तुमचा बँड ५ वेगळ्या ठिकाणी बसतो. डबा लुकलुकेल आणि तुमच्या कामाचं काहीच वाढवणार नाही.

साइटवाला

वा, असे आकडे हवेत! आता बघा: टाकीवर −१०१, पडवीत −११८. फरक १७ डीबी, म्हणजे टाकीवर जवळजवळ ५० पट ताकद आहे. रेंज तुमच्या आवारात आहे, घरात शिरत नाही एवढंच. ओल्या चिऱ्याची भिंत आणि वर पत्रा, शिरणार कुठून? पावसाळ्यात फणसाची ओली पानंही बरंच खातात.

तेव्हा फोनची रेंज घरात ओढायची नाही. टाकीपाशी इंटरनेट पकडायचं आणि ते वायरने घरात आणायचं. बाहेर बसणारा ४जी राउटर मिळतो, पाऊस-उन्हात टिकणारा, दिशा धरणारी अँटेना त्याच्याच पोटात. सिम त्यात घालायचं. हा रिपीटर नव्हे. टॉवरच्या दृष्टीने हा एक फोनच. किती ताकदीने बोलायचं ते टॉवर ठरवतो, म्हणून कुणाला त्रास नाही. घेताना भारतात प्रमाणित असलेला घ्या आणि बँड ५ आहे ना, ते खोक्यावर वाचा. काही स्वस्त मॉडेलांत नसतो.

राउटरपासून घरात साधी लॅन केबल आणा, १०० मीटरपर्यंत काही बिघडत नाही, आणि घरातल्या टोकाला वायफायचा डबा लावा. 'राउटर घरात ठेवा, अँटेना बाहेर, मधे कोॲक्स' असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. पातळ काळी आरजी-५८ वायर ९०० मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण अर्धा डीबी खाते. वीस मीटर ओढली की दहा डीबी गेले, म्हणजे टाकीवर चढून जे कमावलं त्यातलं बरंचसं वायरीतच गमावलं.

घरात वायफाय आलं की फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. २०१९ च्या शेवटापासून आपल्याकडे ते आहे, जादा पैसे पडत नाहीत. नंबर तोच, डायलर तोच, व्हॉट्सॲप लागत नाही. पलीकडच्याला कळतही नाही. कॉलला शंभर केबीपीएससुद्धा लागत नाही, तेव्हा स्पीडची चिंता नको.

दोन अडचणी मात्र आधीच सांगतो. बटणाच्या फोनला बहुतेक करून वायफाय कॉलिंग नसतं. धोतराखालचा फोन बाहेर काढावा लागेल. आणि लाईट गेली की राउटर गेला, त्याची सोय हवी. पाइप माडाला बांधू नका, हलतो आणि दिशा जाते. अर्थिंग करा, आणि ऑक्टोबरात वीज कडकडायला लागली की प्लग काढून ठेवायला आईला शिकवा.

पोफळीची_बाग

माडाला पाइप वाचून आठवलं, डब्ल्यूएलएल (बिनतारी लँडलाइन) फोन होते तेव्हा आमच्या घरावर बांबूला बांधलेली लांबट अँटेना होती. वारा आला की मोठा भाऊ बांबू फिरवायचा, आतून वडील ओरडायचे, 'हां, हां, थांब, थोडा मागे!' टीव्हीलाही तेच, फोनलाही तेच.

खळेकर_डोंबिवली

गणपती करून आलो, आता हिशेब देतो.

राउटर ७४०० ला पडला, केबल आणि पाइप मिळून आणखी १८००. टाकीच्या चौथऱ्याला दहा फुटी जीआय पाइप क्लॅम्पने पक्का केला. मी वर, शेजारचा पोरगा खाली लॅपटॉप घेऊन, आणि पोफळीवाल्यांच्या भावासारखंच 'थोडा मागे, थोडा मागे'. थेट टॉवरकडे रोखला तर −९४. फणसाच्या डाव्या बाजूला दहा-बारा अंश वळवला तर −८८! का ते काका सांगतील. राउटर सारखा बँड ४० वर उडी मारत होता, म्हणून सेटिंगमध्ये फक्त बँड ५ ठेवला. स्पीड सहा ते आठ एमबीपीएस, पण पडत नाही.

वायफाय कॉलिंग पहिल्या दिवशी होईना. तासभर डोकं खाल्लं. शेवटी कळलं की आईच्या फोनला अपडेटच झालेलं नव्हतं; ते केलं, फोन बंद करून चालू केला, आणि वर वायफायची खूण आली. माजघरातून पहिला कॉल मावशीला, ४७ मिनिटं. बँकेचे ओटीपीही येतात आता.

बाबा टचच्या फोनवर तयार नाहीत. 'बोट लावलं की भलत्याला लागतो' म्हणतात, आणि ते खोटं नाही. म्हणून बटणाचा फोन डब्यात तसाच ठेवलाय, त्यावर आलेला कॉल वाजून थांबला की आईच्या फोनवर जाईल असं फॉरवर्डिंग लावून दिलं. बाहेर लावायचा असेल तर ते आईकडे मागतात. आई कधी देते, कधी देत नाही.

लाईटचं मात्र अडलंय. बाजारातून १२ व्होल्टचा मिनी यूपीएस आणला, पण राउटरचा अडॅप्टर ४८ व्होल्टचा निघाला, लॅन केबलमधूनच वीज जाते त्याला. काका, यावर काय?

साइटवाला

फणसाच्या बाजूने पलीकडच्या कातळावरून परावर्तित होऊन येत असणार. असं होतं, आकडा सांगेल तीच दिशा खरी.

लॅन केबलमधून वीज देणारे मिनी यूपीएसही मिळतात, त्यांना पीओई आउटपुट असतो. पण २४ व्होल्टचेही असतात, ते घेऊ नका. अडॅप्टरवर ४८ च्या पुढे किती ॲम्पिअर लिहिलेत तेवढं वाचून टाका इथे, मग सांगतो किती तास चालेल. घरातल्या वायफायच्या डब्याला तुमचा १२ व्होल्टवाला ठेवा, तो वाया जाणार नाही.

खळेकर_डोंबिवली

आईला फोन करून विचारलं. ती टॉर्च घेऊन अडॅप्टरपाशी गेली आणि फोन कानाला लावूनच वाचून दाखवलं: ०.५.