मदत हवी आहे: केगेनेसला ‘मॅजिस्ट्रॉस’ पद कधी मिळालं?

अकराव्या शतकातल्या पेचेनेग या तुर्की वंशाच्या भटक्या जमातीचा सरदार केगेनेस याच्यावर लेख लिहितोय आणि एका जागी पार अडकलोय. पेचेनेगांचा प्रमुख टिराख याच्याशी बिनसल्यावर तो डॅन्यूब ओलांडून बायझंटाईनांकडे आला. सम्राट नववा कॉन्स्टंटाईन यानं त्याला नदीकाठचे तीन किल्ले दिले, बाप्तिस्म्यात नाव ठेवलं जॉन. बायझंटाईन इतिहासकार स्किलित्सेस म्हणतो, त्याला ‘पॅट्रिकिओस’ (मानाची दरबारी पदवी) केलं. पण त्याच्या शिशाच्या मुद्रेवर ‘मॅजिस्ट्रॉस आणि पॅट्झिनाकियाचा आर्खॉन’ (म्हणजे पेचेनेगांच्या प्रदेशाचा शासक) असं कोरलंय, म्हणजे त्याहून वरचं पद!

पुढे त्याच्यावर रात्री मारेकरी घातले गेले. सम्राटानं मारेकऱ्यांचंच खरं मानून जखमी केगेनेसला कैदेत टाकलं (हे वाचताना फार वाईट वाटतं). नंतर सोडून बंडखोर पेचेनेगांकडे पाठवलं, तिथे त्यांनी त्याला मारलं.

स्किलित्सेसचं इंग्रजी भाषांतर दोनदा चाळलं, बढतीचा उल्लेख सापडला नाही. ग्रीक, रशियन, बल्गेरियन येत नाही, इंग्रजी-जर्मन चालेल. सर्वसाधारण पेचेनेग इतिहास नको, तो वाचून झालाय.

मुद्राशास्त्राचे जाणकार ही मुद्रा अटकेआधीची मानतात की सुटकेनंतरची, आणि कशाच्या आधारावर?