विषय: वास्तूच्या प्लॉटचा विमा आत्ताच कशाला?

प्रेषक: खजिनदार

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या नव्या वास्तूसाठी समितीने पाहिलेला कोपऱ्यावरचा प्लॉट बहुतेकांना पसंत पडला आहे. जुनं दुकान पाडल्यापासून तो रिकामाच आहे, झोनिंग (टाउनने ठरवलेला जागेचा वापर) कमर्शियल. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होण्याच्या, दिवसापासूनच त्याचा लायबिलिटी इन्शुरन्स (तिथे कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा) घ्यावा, असं बैठकीत सुचवलं गेलं. आता परवानग्या आणि निधी जमेपर्यंत काही वर्षं तरी जाणार. तोवर तिथे ना कार्यक्रम, ना माणूस. गवताचा विमा उतरवायचा का? मतं कळवावीत.

प्रेषक: तात्या

खजिनदारांना माझा पाठिंबा. न्यू जर्सीत घर घेतल्यापासून मी हेच ऐकत आलोय: घरासमोरच्या साइडवॉकवरचा (फुटपाथवरचा) बर्फ काढला नाही तर टाउन तिकीट फाडतं, पण कुणी घसरून पडलं म्हणून घरमालकावर दावा टिकत नाही. त्यातून आपण नॉन-प्रॉफिट. इथे चॅरिटेबल इम्युनिटीचा, म्हणजे सेवाभावी संस्थांना दाव्यांपासून वाचवणारा, कायदाच आहे. मंडळाकडे पैसे जास्त झाले असतील तर ढोलांची पानं बदला, गेल्या गणपतीत दोन फाटकीच वाजत होती.

प्रेषक: ताई

तात्या, घराबाबत तुमचं बरोबर आहे. पण हा प्लॉट घर नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. मी वकिली करते म्हणून सविस्तर लिहिते. मात्र हा मंडळाला दिलेला औपचारिक सल्ला समजू नये. तो क्लोजिंगच्या वकिलाकडून लेखी घ्या.

आपल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये ठरवलं की कमर्शियल जागेच्या मालकाने आपल्या जागेला लागून असलेली सार्वजनिक साइडवॉक बऱ्या स्थितीत ठेवलीच पाहिजे. १९८३ मध्ये त्यात बर्फही आला. राहत्या घरांना मात्र तेव्हापासून वगळलेलं आहे. २०११ मध्ये होबोकनच्या एका कॉन्डो (मालकीच्या फ्लॅटांच्या) इमारतीसमोर माणूस बर्फावर घसरला, तेव्हाही कोर्टाने ती इमारत रहिवासीच मानली आणि फ्लॅटमालकांची असोसिएशन सुटली. (कॉम्प्लेक्सच्या आतले खासगी रस्ते-पायवाटा वेगळ्या. तिथे असोसिएशनवर जबाबदारी आहे, हे २०१५ मध्ये स्पष्ट झालं.)

राहिला प्रश्न रिकाम्या कमर्शियल प्लॉटचा. सुप्रीम कोर्टाच्या खालच्या अपिलेट कोर्टाच्या १९९५ मधल्या एका निकालाच्या आधारे असे प्लॉटवाले बरीच वर्षं निश्चिंत होते. जागेवर धंदा नाही, उत्पन्न नाही, मग ती कमर्शियल कशी, असा त्यामागचा विचार. जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मोडीत काढला. कॅम्डनमध्ये एका रिकाम्या प्लॉटसमोरच्या साइडवॉकवर एक बाई पडल्या होत्या. मालकांनी प्लॉट गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेला. खालच्या दोन्ही कोर्टांनी मालकांना सोडलं, सुप्रीम कोर्टाने नाही. प्लॉट रिकामा असो वा भरलेला, त्यातून पैसा येवो न येवो, कमर्शियल म्हणजे कमर्शियल, असा सरळ नियम घातला गेला.

निकाल ४ विरुद्ध ३ असा निसटता होता. ज्या जागेतून दमडी येत नाही तिच्या मालकावर हा बोजा कशाला, हा अल्पमताचा सूर. मला स्वतःला बहुमताची बाजू पटते. जागा विकत घ्यायची, भाव चढायची वाट बघायची आणि तोवर समोरून जाणाऱ्याने खड्ड्यात पाय घालायचा, हा कुठला न्याय? पण आपल्याला पटो न पटो, कायदा आज हा आहे.

प्रेषक: तात्या

ताई, तो गुंतवणूकदार होता. आपण धंदा करायला थोडेच निघालोय? नॉन-प्रॉफिटचं काय ते सांगा.

प्रेषक: ताई

सांगते. १९८८ मध्ये याच कोर्टासमोर एका खासगी शाळेचा खटला आला होता. शाळा नॉन-प्रॉफिटच होती, तरी साइडवॉकपुरतं तिला कमर्शियल मालकाच्या रांगेत बसवलं गेलं. निव्वळ उपासनेसाठी वापरल्या जाणाऱ्या चर्चना अपिलेट कोर्टाने वेगळी वागणूक दिली आहे. मग आपण कुठे बसतो? वास्तू झाल्यावर हॉल लग्नाला, मुंजीला भाड्याने द्यायचा आणि त्यातून कर्जाचे हप्ते फेडायचे, असं समितीच्या प्रस्तावातच लिहिलंय. तो कागद समोरच्या वकिलाच्या हाती पडला तर 'आम्ही धंदा करत नाही' हे म्हणायला तुम्हीच उभे राहा, मी नाही राहणार.

चॅरिटेबल इम्युनिटीचं कवच अर्धवट आहे. संस्थेच्या कार्याचा लाभ घेणाऱ्या माणसाच्या दाव्यापासून ते वाचवतं, तेही संस्था निव्वळ धार्मिक, शैक्षणिक किंवा धर्मादाय असेल तर. आपण नाटकं करतो, मराठी शाळा चालवतो आणि दिवाळी पार्टीही करतो, तेव्हा पहिल्या पायरीवरच वाद होणार. आणि रस्त्याने कुत्रा फिरवायला निघालेला माणूस आपला लाभार्थी कसा? त्याला मंडळ आहे हेच ठाऊक नसतं. त्याच्यापुढे हे कवच चालत नाही.

प्रेषक: वहिनी

ताई, विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमचं टू-फॅमिली आहे. खाली आम्ही, वर भाडेकरू. आम्ही रहिवासी की कमर्शियल?

प्रेषक: ताई

वहिनी, मालक स्वतः राहतो का आणि घराचा किती भाग भाड्याने दिलाय, असं सगळं पाहून प्रत्येक प्रकरणात ठरतं. तुमच्यासारख्यांची बाजू साधारणपणे रहिवासी म्हणून भक्कम असते. उद्या दुसरीकडे राहायला गेलात आणि दोन्ही मजले भाड्याने दिलेत, तर चित्र पालटेल. त्याआधी विमा एजंटला फोन करा.

प्रेषक: तात्या

म्हणजे जानेवारीत बर्फ पडायला लागला की मंडळाने फावडं घेऊन रात्रभर प्लॉटवर उभं राहायचं?

प्रेषक: ताई

नाही, तेवढी दया कोर्टाने दाखवली आहे. प्रिन्स्टनमध्ये एक गृहस्थ कामावर निघाले असताना बर्फावर घसरले. त्या खटल्यात २०२१ मध्ये ५ विरुद्ध २ मतांनी ठरलं की वादळ चालू असेपर्यंत कमर्शियल मालकावर बर्फ काढण्याची सक्ती नाही. ते थांबल्यावर वाजवी वेळात काढायला हवा. अपवाद दोन: मालकाच्याच करणीने धोका वाढला असेल, किंवा आधीच्या वादळाचा बर्फ तसाच पडून असेल. झोपा निवांत, सकाळी मात्र माणूस पाठवा.

प्रेषक: खजिनदार

ताई, आभार. काल संध्याकाळी मी आणि तात्या प्लॉटवर जाऊन आलो. पुढची साइडवॉक ठीक आहे, पण बाजूच्या गल्लीकडे झाडाच्या मुळांनी दोन स्लॅब उचलले आहेत. तात्यांनी फोटो काढलेत. ते वकिलाला पाठवून, सेलरने क्लोजिंगआधी ते बदलून द्यावेत किंवा किमतीत तेवढी सूट द्यावी, असं पत्र तयार करायला सांगतो. इन्शुरन्सची कोटेशनं मागवली आहेत, बर्फाच्या कॉन्ट्रॅक्टरचंही बघतो. समितीच्या पुढच्या बैठकीत तिन्ही खर्च मांडेन.

ढोलांच्या पानांसाठी वेगळी वर्गणी काढावी लागेल. तात्या, सुरुवात तुमच्यापासून.