मदत हवी आहे: ठाण्यात ट्रिगर पॉइंट मसाज कोण करतं?

वागळे_इस्टेट: आठ महिने दुखतंय. एक्स-रे, एमआरआय नॉर्मल. डॉक्टर म्हणतात काही नाही. काही नाही तर रात्री झोप का लागत नाही? गोळ्यांनी पित्त झालंय. घोडबंदर रोडला ट्रिगर पॉइंट मसाज, म्हणजे स्नायूतली दुखरी गाठ दाबून करतात तो, कोणी करतं का? लवकर सांगा.

तलावपाळी: अहो, काय दुखतंय ते तर लिहा!

ऐरोलीकर: माझी कंबर अशीच धरायची. फोमची गादी काढा, कापसाची घ्या.

वागळे_इस्टेट: कंबर नाही हो. उजवा खांदा, पुढून. दंडातून अंगठ्यापर्यंत कळ जाते.

फिजिओ_कळवा: काम काय? मुंग्या येतात? हातातून वस्तू सुटते? हात पूर्ण वर जातो?

वागळे_इस्टेट: लॅपटॉप, दहा तास. मुंग्या नाहीत. हात जातो वर.

फिजिओ_कळवा: मग मागे शोधा. खांद्याच्या फऱ्यावर इन्फ्रास्पायनेटस नावाचा स्नायू असतो. गाठ त्यात, दुखणं पुढे खांद्यात आणि दंडात. म्हणून पुढून कितीही चोळा, उपयोग नाही. अशा दुखण्यांचे नकाशे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी काढले. भिंत आणि पाठ यांच्यात टेनिस बॉल धरा. दाबल्यावर नेहमीचीच कळ उठली तर जागा तीच. 30 ते 60 सेकंद, सोसवेल इतकंच, दिवसातून दोनतीनदा. मानेच्या पुढच्या बाजूला अजिबात दाबू नका.

कोपरी_पूर्व: बॉलनं काय होतंय? महानारायण तेल लावून मालिशवाल्याकडून एकदा करकचून रगडून घ्या.

फिजिओ_कळवा: कृपया नको. असे रगडून काळेनिळे झालेले लोक माझ्याकडे येतात.

कोपरी_पूर्व: आमच्या आजोबांना तेलानंच बरं वाटायचं. तुम्हाला पेशंट हवेत, दुसरं काय!

तलावपाळी: गाठ आहे तर एमआरआयमध्ये का दिसली नाही?

फिजिओ_कळवा: रास्त शंका. ही गाठ म्हणजे नेमकं काय, यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहे. पण बोटाला लागते, पेशंटला कळते. दोन आठवड्यांत उतार नाही पडला तर मान तपासून घ्या. व्हिटॅमिन डी आणि बी12 सुद्धा.

घणसोली_से७: ऐरोलीकर, कापूस पिंजून देणारा हल्ली कुठे मिळतो?

ऐरोलीकर: व्यक्तिगत निरोप करतो.

वागळे_इस्टेट: मुलाचा रबरी चेंडू घेतला. फऱ्याच्या मधोमध दाबला आणि तीच कळ, थेट अंगठ्यापर्यंत! आठ महिन्यांत पहिल्यांदा जागा सापडली, डोळ्यांत पाणी आलं. फिजिओताई, आज रात्री उजव्या कुशीवर झोपू की नको?